शुक्रवारचं रिलीज, शनिवारची झोप

शुक्रवारी रिलीज फक्त सिनेमाचंच होतं असं नाही. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कितीतरी ऑफिसांत त्याच रात्री सॉफ्टवेअरही रिलीज होतं आणि कुणाचा तरी वीकएण्ड खाऊन टाकतं. हे काम यंत्राच्या गळ्यात घालता येतं? आणि घातलं, तर निवांत झोपता येतं? एका एक्सेल शीटची आणि एका ‘काकां’ची गोष्ट.

शुक्रवार, संध्याकाळचे सात. कोथरूडच्या मल्टिप्लेक्सबाहेर आम्ही चौघं उभे. तिकिटं हातात, पॉपकॉर्नचा वास नाकात आणि पाचवीचा पत्ता नाही. पाचवी म्हणजे आमची हिंजवडीवाली मैत्रीण. शेवटी तिचा फोन आला, “तुम्ही जा आत. माझं रिलीज आहे आज.”

“आमचंही आहे. साडेसातचं!” आमच्यातल्या एकाने पीजे मारला. ती हसली नाही.

सिनेमा संपला, पावभाजी झाली, आम्ही घरी पोचलो. रात्री एक वाजता ग्रुपवर तिचा मेसेज आला, ‘सत्ताविसाव्या स्टेपला अडकलोय. गुड नाइट.’

रविवारी चहा पिताना मी तिला विचारलं, बाई गं, ही स्टेपची भानगड काय आहे? तिने लॅपटॉप उघडून एक एक्सेल शीट दाखवली. एकूण ४१ ओळी. ओळ १४ : सर्व्हर तीनवर लॉगिन करणे. ओळ १५ : जुनी फाइल बाजूला ठेवणे, डिलीट करू नये!!! त्या तीन उद्गारचिन्हांमागे कुणाची तरी काळरात्र दडलेली असणार, हे मला न सांगताच कळलं.

“ही शीट काकांची,” ती म्हणाली. काका म्हणजे तिच्या टीममधले सगळ्यात जुने इंजिनीअर. वय फक्त छत्तीस, पण रिलीजचं खातं त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना ‘रिलीजकाका’ म्हणतात. शीटमध्ये ४१ ओळी असल्या तरी खऱ्या स्टेप्स साठेक असाव्यात. उरलेल्या काकांच्या डोक्यात!

रिलीज म्हणजे काय रे भाऊ?

आयटीवाले नसाल तर थोडं सोपं करून सांगते. आमच्या मासिकांच्या धंद्यात लेख लिहून झाला म्हणजे अंक निघाला असं होत नाही. सगळ्यांचे लेख गोळा करायचे, पानं लावायची, प्रूफं तपासायची, अंकाचा क्रमांक टाकायचा, अनुक्रमणिका करायची, छपाईला सोडायचं आणि मग गठ्ठे स्टॉलवर पोचवायचे. यातली एक पायरी चुकली, तरी लेख कितीही भारी असो, वाचकाच्या हातात घोळच पडणार.

सॉफ्टवेअरचंही अगदी असंच. दहा जणांनी लिहिलेला कोड एकत्र करायचा. त्यातून चालू शकेल असा प्रोग्रॅम बांधायचा, त्याला म्हणतात ‘बिल्ड’. मग टेस्ट. मग व्हर्जन नंबर. मग या वेळी काय बदललं त्याची यादी, म्हणजे ‘चेंजलॉग’. आणि शेवटी ते सगळं सर्व्हरवर किंवा अ‍ॅप स्टोअरवर चढवायचं.

यातली प्रत्येक गोष्ट माणूस हाताने करू शकतो. वर्षानुवर्षं करतही आला. प्रॉब्लेम एवढाच, की माणूस शुक्रवारी रात्री अकरा वाजता दमलेला असतो.

नंबरगेम

आता तुम्ही म्हणाल, नंबर टाकण्यात कसलं आलंय डोकं? इथेच तर खरी गंमत आहे.

२.४.१ असा नंबर तुम्ही फोनवर नेहमी पाहता. त्याला एक व्याकरण आहे. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, याने ते नियम नीट लिहून काढले. नाव ‘सिमॅण्टिक व्हर्जनिंग’. शेवटचा आकडा वाढला, तर फक्त दुरुस्ती झाली. मधला वाढला, तर काहीतरी नवं आलं, पण जुनं शाबूत आहे. पहिला वाढला, तर सावधान! जुन्यावर विसंबून तुम्ही जे काही उभं केलंय ते मोडू शकतं. म्हणजे हा नंबर नाही, वचन आहे.

सगळेच हे वचन देतात असं नाही. उबुंटूचा २४.०४ म्हणजे सरळ एप्रिल २०२४. आणि डोनाल्ड नूथ या थोर संगणकशास्त्रज्ञाची तर तऱ्हाच न्यारी. त्याच्या ‘टेक’ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा नंबर दर दुरुस्तीला ‘पाय’च्या किमतीच्या एकेक घर जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ पर्यंत पोचला. आपल्या मृत्यूनंतर तो नंबर ‘पाय’ करून टाकावा आणि मग त्याला कुणी हात लावू नये, असं नूथने लिहून ठेवलंय. याला म्हणतात कमिटमेण्ट!

पण सामान्य टीममध्ये काय होतं? ‘१.० म्हणायला अजून मन धजत नाही.’ ‘बॉस म्हणतो ३.० ठेवा, क्लायण्टला भारी वाटेल.’ नंबर भावनेने ठरतो आणि वचन बाजूलाच राहतं.

पंचेचाळीस मिनिटांत अडीच हजार कोटी

हाताने केलेल्या रिलीजची किंमत किती असू शकते? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ब्रोकिंग कंपनीची गोष्ट ऐका. तिथल्या नियामकांनी, म्हणजे आपल्या सेबीच्या अमेरिकन भावाने, २०१३ च्या आदेशात ती तपशीलवार नोंदवली आहे.

१ ऑगस्ट २०१२ पासून न्यूयॉर्क शेअर बाजारात एक नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी कंपनीने नवा कोड लिहिला आणि आधीच्या आठवड्यापासून तो आठ सर्व्हरवर हाताने चढवायला घेतला. सात सर्व्हरवर चढला. आठवा राहिला. दुसऱ्या कुणी तपासलं नाही, कारण तपासायचं असा लेखी नियमच नव्हता.

त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. २००३ पासून कुणी तो वापरला नव्हता, पण काढलाही नव्हता. नव्या कोडसाठी नेमकं तेच जुनं बटण पुन्हा वापरलं गेलं. सात सर्व्हरवर त्या बटणाचा अर्थ नवा, आठव्यावर जुना. माळ्यावरची अडगळ दसरा-दिवाळीलाही आवरली नाही, तर एक दिवस ती डोक्यावर पडते, ती अशी.

सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर सुटला. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींवरून त्याने १५४ शेअर्समध्ये ४० लाखांहून जास्त सौदे केले. बाजार उघडण्याआधीच कंपनीतल्या लोकांना ९७ ऑटोमॅटिक ईमेल गेल्या होत्या, त्यात ‘पॉवर पेग’चा उल्लेख होता. पण त्या ईमेल म्हणजे अलार्म आहे असं कुणी समजलंच नाही. कहर म्हणजे, गडबडीत दुरुस्तीसाठी बाकीच्या सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर कोड काढला गेला. त्यामुळे तेही आठव्यासारखेच वागायला लागले!

पंचेचाळीस मिनिटं. नुकसान ४६ कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे अडीच हजार कोटी रुपये. वर १.२ कोटी डॉलरचा दंड. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

ही गोष्ट मी मैत्रिणीला सांगितली, तर ती शांतपणे म्हणाली, “आमच्याकडे सहा सर्व्हर आहेत.”

यंत्र हे काम कसं करतं?

फंडा साधा आहे. काकांच्या शीटमधली प्रत्येक ओळ मशीनला कळेल अशा भाषेत एकदाच लिहायची. मग कुणी कोड जमा केला, की मशीन स्वतःच बिल्ड करतं, टेस्ट चालवतं आणि सगळं हिरवं झालं तरच पुढे जातं. एक जरी टेस्ट लाल झाली, तर तिथेच थांबतं. मशीनला घरी जायची घाई नसते, त्यामुळे ‘चालतंय रे, सोड’ असं ते कधी म्हणत नाही.

या कामाचा बराच काळ गाजलेला गडी म्हणजे जेनकिन्स. कोहसुके कावागुची या जपानी इंजिनीअरने सन कंपनीत असताना तो बनवला, तेव्हा त्याचं नाव हडसन होतं. पुढे मालकी बदलली, नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये त्याचा जेनकिन्स झाला. लोगोवर चक्क बो टाय लावलेला बटलर आहे. सांगितलेलं काम, सांगितलेल्या वेळी, तक्रार न करता. नंतर २०१९ मध्ये गिटहबनेही आपल्या ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये हीच सोय दिली आणि छोट्या टीम्सनाही वेगळा बटलर ठेवायची गरज उरली नाही.

नंबराचं काय? त्यावरही तोड आहे. प्रत्येक बदल जमा करताना त्यासोबत एका ओळीचा निरोप लिहावा लागतो. तो ठरावीक पद्धतीने लिहायचा : दुरुस्ती असेल तर सुरुवातीला ‘फिक्स’, नवं काही असेल तर ‘फीचर’ची खूण आणि जुनं मोडणार असेल तर उद्गारचिन्ह. ‘सिमॅण्टिक-रिलीज’सारखी टूल्स हे निरोप वाचतात, पुढचा नंबर स्वतः ठरवतात, चेंजलॉग लिहितात आणि पॅकेज प्रसिद्धही करून टाकतात. व्हर्जन नंबर आणि माणसाच्या भावना यांचं नातं तोडणं, हाच आपला हेतू असं ते टूल बनवणारे उघड सांगतात. आता बॉसला ३.० हवं असेल, तर खरंच काहीतरी मोडावं लागेल!

यातून एक उलटीच गोष्ट घडते. रिलीज अवघड असतं तेव्हा लोक ते महिनोन्‌महिने टाळतात. मग दोनशे बदल एकदम जातात आणि बिघडलं तर दोषी कोण ते शोधता शोधता पहाट होते. रिलीज सोपं झालं, की एकेक छोटा बदल लगेच जातो, बिघडला तर लगेच सापडतो आणि लगेच मागे घेता येतो. २००९ मध्ये फोटोंसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमण्ड यांनी एका कॉन्फरन्समध्ये जाहीर सांगितलं, की आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड चढवतो. तेव्हा अनेकांनी तोंडात बोटं घातली. त्याच वर्षी बेल्जियममध्ये पहिले ‘डेव्हऑप्स डेज’ भरले आणि आज नोकरीच्या जाहिरातींत दिसणारा ‘डेव्हऑप्स’ हा शब्द तिथून रुळला. क्रोम ब्राउझरनेही २०१० मध्ये दर सहा आठवड्यांनी रिलीज करायचं ठरवलं आणि २०२१ मध्ये ते चार आठवड्यांवर आणलं.

तुमच्या फोनवरही हेच चालू असतं. मित्राला नवं फीचर आलं आणि तुम्हाला नाही, म्हणून कधी जळफळाट झालाय? अनेकदा ती मुद्दाम केलेली सोय असते. अ‍ॅपलच्या टप्प्याटप्प्याच्या रिलीजमध्ये ऑटो-अपडेट पहिल्या दिवशी फक्त १ टक्का लोकांना जातं, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी १०० टक्के. मध्येच गडबड दिसली तर थांबवता येतं. पूर्वी कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यायचे, त्यावरून अशा पहिल्या छोट्या रिलीजला ‘कॅनरी’ म्हणतात. म्हणजे अपडेट तुम्हालाच सगळ्यांत आधी आलं, तर फार हुरळून जाऊ नका!

आणि यंत्रच चुकलं तर?

इथपर्यंत वाचून ‘सगळं ऑटोमेट करा आणि लोणावळ्याला जा’ असं वाटत असेल, तर जरा थांबा. १९ जुलै २०२४ आठवतो? वार शुक्रवार! आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजच्या मशीन्ससाठी एक छोटंसं अपडेट सोडलं आणि जगभर निळे पडदे दिसायला लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन्स बंद पडली. आपल्या विमानतळांवर लोकांच्या हातात पेनने लिहिलेले बोर्डिंग पास पडले, ते फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील.

गंमत म्हणजे तिथे काही हाताने केलेलं नव्हतं. तपासणीही ऑटोमॅटिकच होती. पण त्या तपासनीस प्रोग्रॅममध्येच चूक होती, त्याने खराब फाइल पास केली. आणि ती आधी १ टक्क्याला न जाता, एका झटक्यात सगळीकडे गेली. कंपनीने ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण बंद पडलेलं मशीन सुरूच होत नसेल तर ते दुरुस्ती घेणार कुठून? बऱ्याच ठिकाणी माणसाला एकेका मशीनपाशी जाऊन फाइल काढावी लागली. पुढे कंपनीने अशी अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडायचं जाहीर केलं.

म्हणजे यंत्र चांगली सवय जितक्या इमानाने पाळतं, तितक्याच इमानाने चूकही पसरवतं. काय तपासायचं, किती लोकांना आधी द्यायचं, कुठे थांबायचं, हे ठरवायला माणूसच लागतो.

काकांचं काय झालं?

आता आपल्या काकांकडे येऊ. गेल्या वर्षी गौरी-गणपतीला काका कोकणात गावी गेले होते. घर डोंगराच्या कुशीत, नेटवर्क शोधायला सड्यावर जावं लागतं. नेमकं तेव्हाच एक तातडीचं रिलीज आलं. मैत्रिणीने शीट उघडली, एकेक ओळ पार केली आणि सत्तावीस नंबरवर अडकली. तिथे लिहिलं होतं, ‘नेहमीप्रमाणे करणे.’

नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, ते फक्त काकांना माहीत! शेवटी आरती अर्धी सोडून काका सड्यावर उभे राहून तासभर फोनवर सांगत होते. परत आल्यावर मॅनेजरने ठरवलं, हे सगळं ऑटोमेट करायचं. आणि टीमला वाटलं होतं तसे काका खूश झाले नाहीत. ते गप्पच झाले.

“मी त्यांना कॅण्टीनमध्ये विचारलं,” मैत्रीण सांगत होती. “म्हटलं, काका, तुमचाच त्रास वाचतोय की. तर म्हणाले, ‘अगं, या ४१ ओळी म्हणजे माझी नऊ वर्षं आहेत. त्या मशीनला देऊन टाकल्या तर पुढच्या अप्रेझलला मी काय दाखवू?’”

या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आपण सगळेच ऑफिसात कुठली तरी किल्ली खिशात ठेवून बसलेलो असतो. ती किल्ली म्हणजे आपली किंमत, असं वाटतं. आणि ज्या काळात रोज कुणाची तरी नोकरी यंत्र घेणार अशा बातम्या येतात, त्या काळात ही भीती खोटी आहे असं कुणी कुणाला तोंडावर सांगू नये.

पण मग झालं असं, की ऑटोमेशन लिहायला बसल्यावर टीमच्या लक्षात आलं, काकांशिवाय हे होणारच नाही. सत्तावीस नंबरची ओळ का आहे? कारण मागे एकदा डेटाबेस आधी बदलला आणि कोड नंतर गेला, त्या दहा मिनिटांत ग्राहकांचे पैसे कापले गेले, पावती मिळाली नाही. ती तीन उद्गारचिन्हं कशाची? ती आणखी एका रात्रीची. प्रत्येक ओळीमागे एक जखम होती. काकांनी त्या एकेक सांगितल्या आणि टीमने प्रत्येकीची एक टेस्ट बनवली. तीन महिने लागले. मॅनेजरला वाटलं होतं तीन आठवडे! मधल्या काळात दोनदा मशीनने चुकीचा नंबर टाकला आणि काकांनी ‘मी सांगत नव्हतो?’ हे मनापासून एन्जॉय केलं.

आता काका रिलीज करत नाहीत. रिलीज कधी थांबायला हवं, ते ठरवतात. अप्रेझलमध्ये काय झालं, ते मैत्रिणीला माहीत नाही. ते विचारायची पद्धत नाही. पण शीटची फाइल त्यांनी अजून डिलीट केलेली नाही. बाजूला ठेवलीये.

तुमच्या ऑफिसात ट्राय करा

● आधी लिहा, मग ऑटोमेट करा. ज्या कामाची यादी कागदावर नाही ते मशीनला देता येत नाही. यादीत ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द आला की समजा, तिथे खड्डा आहे.

● ज्याच्या डोक्यात सगळं आहे त्याला बाजूला सारू नका, सोबत बसवा. आणि त्याच्या कामाचं श्रेय लेखी द्या.

● एकदम ४१ ओळींच्या मागे लागू नका. सगळ्यांत कंटाळवाणी ओळ आधी उचला. ती बहुधा चेंजलॉगची असते.

● मागे फिरायचा रस्ता आधी बांधा. जुनं व्हर्जन एका क्लिकवर परत आणता येत नसेल तर रिलीज करू नका.

● मशीनच्या किल्ल्या जपा. रिलीज करणाऱ्या यंत्राकडे सगळ्या दारांचे पासवर्ड असतात. ते कोडमध्ये लिहून ठेवू नका आणि शक्य तिथे थोड्या वेळात संपणाऱ्या किल्ल्या वापरा.

● अलार्म मोजकेच ठेवा. जो अलार्म रोज वाजतो तो कुणी ऐकत नाही.

● आणि हो, सगळं ऑटोमॅटिक असलं तरी शुक्रवारी संध्याकाळी मोठा बदल सोडू नका. मशीनला सुट्टी नसते, पण बिघडलं तर उठवणार तुम्हालाच!

मागच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा त्याच मल्टिप्लेक्सला गेलो. या वेळी पाचवी सगळ्यांच्या आधी हजर, हातात पॉपकॉर्नचा मोठा टब. जाहिराती सुरू असताना तिचा फोन थरथरला. तिने पाहिलं, हिरवी टिकमार्क आणि खाली नवा नंबर. तेवढ्यात काकांचाही मेसेज आला, ‘मीही पाहिलं. ठीक आहे. सिनेमा बघ.’

तिने फोन पर्समध्ये टाकला. इण्टरव्हलपर्यंत तो तीन वेळा बाहेर काढून पाहिला, ही गोष्ट वेगळी. सवयी काही एका रिलीजमध्ये बदलत नाहीत!